लेसरनं पावडरीचा बारीकपणा मोजताना: पोत्यापासून आकड्यापर्यंत

एकाच पोत्यातली कॅल्साइन्ड, म्हणजे भट्टीत भाजलेली ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड). सकाळच्या शिफ्टला डी५० (ज्याच्याखाली निम्मा माल येतो तो आकार) येतं ५.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग; दुपारच्या शिफ्टला ७.१. लगेच यंत्रावर संशय येतो आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोन जातो. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. सकाळच्या माणसानं नमुना पोत्याच्या मध्यातून घेतलेला असतो, दुपारच्यानं वरवरचा. एकानं दोन मिनिटं अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी यंत्रातली सोय) चालवलेलं असतं, दुसऱ्यानं ते बटण दाबलेलंच नसतं. लेसर समोर आलेलं सगळं इमानेइतबारे मोजतो. गुठळी आली तर गुठळी मोजतो, बुडबुडा आला तर बुडबुडा.

बेळगाव परिसरात या मोजमापाची गरज बऱ्याच ठिकाणी पडते. यमनापूरला हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्यांना झिरकॉनचं पीठ (झिरकॉन फ्लोअर), ग्रॅफाइट, बेंटोनाइट, कोल डस्ट लागते. खानापूरकडे कौलांची आणि भांड्यांची माती आहे, आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात पिठीसाखर दळणारेही आहेत. प्रत्येक पावडरीचा स्वभाव वेगळा, म्हणून मोजायची रीतही वेगळी. मोल्डिंगच्या वाळूला मात्र लेसर लावायला जाऊ नका. तिचा एएफएस नंबर, म्हणजे वाळूच्या बारीकपणाचा फाउंड्रीतला आकडा, चाळण्यांवर ठरतो आणि चाळण्यांवरच मोजला पाहिजे. वाळूतला २० मायक्रॉनखालचा गाळ किती आणि कसा आहे हे बघायचं असेल तेव्हा लेसर खरा उपयोगी पडतो.

यंत्र बघतं काय

पातळ ढगामागून चंद्राभोवती लहान रंगीत खळं पडतं. ढगातले थेंब जितके बारीक, तितकं ते खळं मोठं. यंत्राचं तत्त्व हेच. मोठा कण लेसरचा प्रकाश अगदी थोड्या कोनातून, पण जोरात वळवतो. बारीक कण तो रुंद कोनात आणि क्षीण विखुरतो. समोर मांडलेले डिटेक्टर प्रत्येक कोनातला प्रकाश मोजतात आणि त्यावरून सॉफ्टवेअर हिशेब करतं की कुठल्या आकाराचे कण किती असले तर असा प्रकाश पडेल. लाल प्रकाश बहुधा ६३३ नॅनोमीटरचा असतो. काही यंत्रांत मायक्रॉनखालच्या कणांसाठी सोबत निळा प्रकाशही देतात, कारण तरंगलांबी कमी असली की बारीक कण जास्त स्पष्ट उमटतात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, यंत्र प्रत्येक कण गोल धरून चालतं. दुसरी, उत्तर आकारमानाच्या टक्क्यांत येतं. १०० मायक्रॉनच्या एका कणाचं आकारमान १ मायक्रॉनच्या दहा लाख कणांएवढं असतं. त्यामुळे चार जाडे कण चुकून आले किंवा निसटले की डी९० (ज्याच्याखाली ९० टक्के माल येतो तो आकार) लगेच हलतं. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर 'संख्येनुसार' आलेख मिळतो, पण त्यावर गिऱ्हाइकाला आकडे देऊ नका; बारीक टोकाची जराशी चूक तिथे प्रचंड फुगून दिसते.

नमुना: निम्मं काम इथेच

सुपात तांदूळ हलवले की कणी खाली बसते. लॉरीत हादरे खात आलेल्या पोत्यातही तसंच होतं: बारीक खाली झिरपतं, जाडं वर राहतं. वरची मूठभर पावडर म्हणजे त्या पोत्याचा नमुना नव्हे. साधारण ५० मायक्रॉनच्या पुढचे मोकळे वाहणारे दाणे, उदाहरणार्थ ॲल्युमिना हायड्रेट (भट्टीत भाजण्याआधीचा माल), या बाबतीत फार त्रास देतात. दहा मायक्रॉनखालची चिकट पावडर तशी कमी वेगळी होते, तिचा त्रास पुढे गुठळ्यांत निघतो.

पोत्यातून काढताना पोकळ नळीचा सँपलर तिरका, तळापर्यंत घाला आणि एका लॉटमधल्या निदान पाच-सहा पोत्यांतून काढा. सगळं एकत्र करून अर्धा-एक किलो होऊ द्या. मग ते वाटून लहान करायचं. फिरता रिफलर (नमुना सारख्या भागांत वाटणारं साधन) असेल तर त्याला तोड नाही. खाचांचा साधा रिफलरही चांगला चालतो, फक्त पावडर सगळ्या खाचांवर सारखी पसरून ओता. ढीग करून चार भाग पाडण्याची जुनी पद्धत नाइलाज असेल तरच वापरा. ढिगाच्या उतारावरून जाडे दाणे घरंगळून कडेला जातात आणि चारही भाग वेगवेगळे निघतात. बाटली हलवून चमच्यानं वरचं घेणं हीदेखील तितकीच वाईट सवय.

शेवटी यंत्रात किती घालायचं? ढोबळ हिशेब असा: सगळ्यात जाड दहा टक्क्यांत सुमारे १०,००० कण आले तर त्या टोकाचा आकडा साधारण एक टक्क्याच्या आत स्थिर राहतो. ॲल्युमिना हायड्रेटची घनता २.४२. जाडे कण १०० मायक्रॉनचे असतील तर जेमतेम ०.१३ ग्रॅम पुरतं. तेच कण ३०० मायक्रॉनचे असतील तर ३.४ ग्रॅम लागतं. पाण्याच्या छोट्या टाकीत एवढं मावत नाही. अशा वेळी कोरडी पद्धत घ्या किंवा तीन-चार वेगवेगळे भाग मोजून सरासरी काढा.

चिठ्ठीबद्दल एक सूचना. इकडे एकाच गोदामात कोणी पोत्यावर 'पूड' लिहितो, कोणी कन्नडमध्ये 'पुडी'. दोन्ही बरोबर, पण त्यावरून ग्रेड कळत नाही. नमुन्याच्या बाटलीवर ग्रेड नंबर, लॉट नंबर, पोत्यांचे क्रमांक आणि वेळ असलीच पाहिजे. भाषा कुठलीही चालेल.

पाण्यात मोजताना

आधी पाणी. बोअरचं जड पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियमनं बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि फॉस्फेटसारख्या डिस्पर्संटची (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाची) ताकदही निघून जाते. डीआयोनाइज्ड पाणी घ्या आणि ते रात्रभर उघड्या भांड्यात लॅबच्या तापमानाला येऊ द्या. नळातून किंवा आरओतून दाबाखाली आलेल्या गार पाण्यात हवा विरघळलेली असते. टाकीत ते कोमट झालं की काचेवर बारीक बुडबुडे धरतात आणि आलेखात १०० ते ३०० मायक्रॉनच्या आसपास एक खोटा उंचवटा उठतो.

डिस्पर्संट म्हणून ॲल्युमिना, माती, सिलिका यांना सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट चांगलं: एका लिटरला एक ग्रॅम. ते एकदम ओतलं तर तळाशी काचेसारखा गोळा होतो. कोमट पाणी ढवळत ठेवून चिमूट-चिमूट टाका. हे द्रावण दिवसेंदिवस कमजोर होत जातं, म्हणून दर आठवड्याला ताजं करा आणि बाटलीवर तारीख घाला.

ॲल्युमिनाला हे का लागतं ते समजून घेतलं तर पुढच्या चुका टळतात. साधारण पीएच ९ च्या आसपास ॲल्युमिनाच्या कणावरचा विद्युतभार शून्यावर येतो. त्याच्या जवळपासच्या पीएचला कण एकमेकांना ढकलत नाहीत आणि गुठळ्या होतात. फॉस्फेट कणावर बसून त्याला भरपूर ऋण भार देतं. दुसरा मार्ग म्हणजे थोड्या नायट्रिक ॲसिडनं पीएच ४ पर्यंत खाली आणणं. मग कणांवर धन भार येतो. कुठलाही एक मार्ग धरा, पण दोन्ही एकत्र करू नका.

ग्रॅफाइट आणि कोल डस्ट पाण्यावर तरंगतात. त्यांना ओलं करणारं, आयनरहित साबणासारखं रसायन लागतं, उदाहरणार्थ ट्वीन २० किंवा ट्रायटन एक्स-१००. एक-दोन थेंब पुरे. जास्त झालं की फेस, आणि फेस म्हणजे पुन्हा बुडबुडे.

पिठलं करताना पीठ थेट आधणात टाकलं की गुठळ्या होतात, म्हणून आपण ते आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो. इथेही तेच करा. रिफलरमधून आलेला छोटा भाग बीकरमध्ये घ्या, त्यात रसायनाचे दोन थेंब टाका, काचेच्या कांडीनं दाट लगदा कालवा आणि मग हळूहळू पाणी वाढवा. लगद्याचा आणखी एक फायदा आहे: दाट लगद्यात जाडे आणि बारीक कण वेगळे होत नाहीत, त्यामुळे चमच्याच्या टोकानं उचललेला भागही बऱ्यापैकी खरा असतो. पातळ केलेल्या गाळातून ड्रॉपरनं उचलाल तर जाडे कण तळाशीच राहतील.

पाणी कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. साखर विरघळते. सिमेंट पाण्याशी क्रिया करतं. बेंटोनाइट फुगतं आणि त्याचे पापुद्रे सुटे होतात, म्हणजे पोत्यातल्या दाण्याचा आकार राहतोच कुठे? ही सगळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा कोरडी मोजावीत. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावच्या दमट हवेत उघडं राहिलेलं अल्कोहोल पाणी ओढून घेतं आणि पिठीसाखरेचे सगळ्यात बारीक कण त्यात विरघळू लागतात. मग एकामागून एक रीडिंगला डी१० वर सरकत जातं. बाटली बंद ठेवा. अल्कोहोल आणि टाकी यांचं तापमान वेगळं असेल तर प्रकाश लहरतो आणि ५०० मायक्रॉनच्या पुढे नसलेलेच कण दिसतात. पाच मिनिटं फिरू द्या, मग बॅकग्राउंड, म्हणजे माल न घालता मिळणारं रीडिंग, घ्या.

प्रत्यक्ष क्रम

हेलियम-निऑन लेसर असेल तर यंत्र अर्धा तास आधी सुरू करा. वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून ऑनलाइन यूपीएस हवाच. मधेच झटका बसला की पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. टाकीत स्वच्छ पाणी आणि डिस्पर्संट भरा, पंप चालू करा, अलाइनमेंट होऊ द्या आणि बॅकग्राउंड बघा. डिटेक्टरच्या क्रमानं तो गुळगुळीत उतरत गेला पाहिजे. मधे उंचवटा असेल तर काच मळलेली आहे किंवा आधीचा माल टाकीत उरला आहे. तो उंचवटा सॉफ्टवेअर वजा करेल असं म्हणून पुढे जाऊ नका. धुवा आणि पुन्हा घ्या.

मग लगदा थोडा-थोडा सोडा आणि ऑब्स्क्युरेशन, म्हणजे कणांनी किती प्रकाश अडवला, ते बघा. पाच-दहा मायक्रॉनखालच्या पावडरीला ५ ते १० टक्के, त्याहून जाडीला १० ते २० टक्के. कमी असेल तर सिग्नल कमजोर पडतो. जास्त असेल तर एका कणानं वळवलेला प्रकाश दुसराही वळवतो, कोन वाढतो आणि पावडर आहे त्याहून बारीक दिसते. शंका असेल तर ५, १० आणि १५ टक्क्यांवर तीनदा मोजा. डी५० खाली-खाली येत असेल तर सर्वांत खालच्या पायरीवर काम करा.

पंपाचा वेगही असाच तपासायचा. झिरकॉनची घनता ४.६ च्या आसपास असते. कमी वेगाला त्याचे जाडे कण टाकीच्या तळाशी बसतात आणि डी९० खोटं कमी येतं. वेग पायरीपायरीनं वाढवा. डी९० वाढत जाऊन जिथे थांबतं, त्याच्या जरा वरचा वेग पक्का करा. आणखी वर गेलात तर हवा ओढली जाते.

आता अल्ट्रासोनिक. हा टप्पा घाईत उरकू नका. आधी ते न चालवता एक रीडिंग घ्या, मग प्रत्येकी ३० सेकंद चालवून रीडिंग घेत जा. नुसत्या गुठळ्या असतील तर डी५० झपाट्यानं उतरून एका जागी स्थिरावतं. सहसा एक-दोन मिनिटांत. ते स्थिरावणं हेच तुमचं उत्तर. मात्र कॅल्साइन्ड ॲल्युमिनाचा न दळलेला दाणा म्हणजे भट्टीत एकमेकांना चिकटलेल्या बारीक स्फटिकांचा झुबका असतो. अल्ट्रासोनिकनं तो हळूहळू फुटत राहतो आणि आकडा थांबतच नाही. तेव्हा प्रश्न यंत्राचा उरत नाही, तुम्हाला झुबक्याचा आकार हवा की आतल्या स्फटिकाचा, हे ठरवावं लागतं. वेळ ठरवा, कागदावर लिहा, आणि ती सगळ्या शिफ्टना सारखीच पाळा. अल्ट्रासोनिक थांबवल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा एक रीडिंग घ्या. डी५० परत वर चढलं तर डिस्पर्संट कमी पडतंय.

एका नमुन्याची पाच रीडिंग घ्या. समजा डी५० आलं ५.२, ५.१, ५.२, ५.३, ५.२. सरासरी ५.२ आणि फरक (सरासरीच्या टक्क्यांत प्रमाण विचलन) साधारण १.४ टक्के; हे उत्तम. आयएसओ १३३२० या लेसर मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अंगानं डी५० चा फरक ३ टक्क्यांच्या आत आणि डी१०, डी९० चा ५ टक्क्यांच्या आत हवा. १० मायक्रॉनखाली ही मर्यादा दुप्पट धरली जाते. एकाच टाकीतली पाच रीडिंग जुळली म्हणजे फक्त यंत्र आणि विखुरणं ठीक आहे. नमुना ठीक आहे का हे बघायला रिफलरमधून तीन वेगळे भाग घेऊन मोजावेच लागतात, आणि हे पाऊल गाळणारे फार आहेत.

अपवर्तनांक

सॉफ्टवेअर पावडरीचा अपवर्तनांक (तिच्यातून जाताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) आणि प्रकाश शोषण्याचा आकडा विचारतं. ५० मायक्रॉनच्या पुढे यानं फारसा फरक पडत नाही, १० च्या खाली पडतो, १ च्या खाली तर सगळी मदार यावरच. ॲल्युमिना १.७६, ॲल्युमिना हायड्रेट १.५७, क्वार्ट्झ १.५४, पाणी १.३३, आयसोप्रोपिल अल्कोहोल १.३८. शोषण पांढऱ्या पावडरीला ०.०१ च्या आसपास, रंगीत मातीला ०.१, ग्रॅफाइटसारख्या काळ्या कुळकुळीत मालाला १ धरून सुरुवात करा. शोषण शून्य ठेवलं की पुष्कळदा मायक्रॉनच्या खाली एक छोटी शेपटी उगवते, जी मालात नसतेच. सॉफ्टवेअरचा रेसिड्युअल (मोजलेला प्रकाश आणि हिशेबानं आलेला प्रकाश यांतली तफावत) एक टक्क्याच्या आत आहे का बघा. मात्र तो कमी करण्यासाठी अपवर्तनांकाचे आकडे वाटेल तसे फिरवत बसणं चूक. एकदा ठरवलं की ते त्या ग्रेडसाठी कायम.

कोरड्या पद्धतीत

इथे दाबाची हवा गुठळ्या फोडते. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असता कामा नये. पावसाळ्यात ड्रायरशिवाय हे यंत्र चालवणं म्हणजे पावडर नळीतच चिकटवणं. ऑब्स्क्युरेशन १ ते ५ टक्के पुरे. दाब कसा ठरवायचा? समजा ०.५ बारला डी५० ८.९ आलं, १ ला ६.४, २ ला ५.४, ३ ला ५.३ आणि ४ ला ४.८. दोन-तीन बारला सपाटी आहे, आणि पाण्यातलं उत्तरही ५.३ असेल तर २.५ बार पक्का करा. ४ बारला कण स्वतःच फुटायला लागले आहेत. पाण्यातलं रीडिंग सोबत नसेल तर नुसत्या सपाटीवर विसंबू नका. ठिसूळ मालात सपाटी दिसतच नाही.

ॲल्युमिना कठीण असते आणि स्टीलची व्हेंचुरी (पावडर आणि हवा जिच्यातून जोरात जातात ती अरुंद नळी) खाते. झिजलेल्या व्हेंचुरीत गुठळ्या नीट फुटत नाहीत, म्हणून महिन्यामहिन्यानं आकडे जाड होत जाताना दिसले की आधी तिकडे बघा. अशा मालाला सिरॅमिकची व्हेंचुरी घ्या.

चाळणीशी जुळत का नाही

गिऱ्हाईक '३२५ मेश पास' मागतं, म्हणजे ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा माल. लेसर म्हणतो ४५ च्या वर ६ टक्के आहे, चाळणीवर उरतं १ टक्का. दोन्ही खरे असू शकतात. लांबट कण चाळणीच्या भोकातून उभा घसरून जातो. लेसर त्याला सगळ्या बाजूंनी बघून सरासरी आकाराचा गोळा धरतो. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत ही तफावत फार मोठी असते. एकाच गुणकानं सगळा माल बदलून घेऊ नका. आपल्या एका ग्रेडचे दहा-पंधरा लॉट दोन्ही पद्धतींनी मोजा, आलेख काढा आणि तोच गिऱ्हाइकाबरोबर बसून मान्य करून घ्या. रिपोर्टवर माध्यम, डिस्पर्संट, अल्ट्रासोनिकचा वेळ किंवा हवेचा दाब, अपवर्तनांक, शोषण आणि ऑब्स्क्युरेशन लिहिलेलं नसेल तर दोन लॅबचे आकडे ताडून बघायला जागाच राहत नाही.

आलेख विचित्र दिसला तर त्याच बीकरमधला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवा. १५० मायक्रॉनला उंचवटा आहे आणि काचपट्टीवर ४० च्या पुढे काहीच दिसत नाही, तर तो बुडबुडा किंवा गुठळी. पंप थांबवून हवा निघू द्या, पुन्हा मोजा. नाहीसा झाला तर बुडबुडाच होता.

देखभाल आणि जिवाची काळजी

प्रमाणित काचेच्या मण्यांनी महिन्यातून एकदा यंत्र तपासा. एका कुपीतला सगळा माल वापरा, अर्धा ओतू नका. त्याशिवाय आपल्याच मालातली दोन किलो पावडर रिफलरनं वाटून छोट्या बाटल्यांत भरून ठेवा आणि रोज सकाळी एक मोजून तिचं डी५० तक्त्यावर मांडा. सकाळ-दुपारचं भांडण या तक्त्यावर पाच मिनिटांत मिटतं.

सिलिका, माती, झिरकॉन हाताळताना चांगल्या दर्जाचा धूळरोधक मास्क घाला आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. सिलिकाच्या धुळीनं फुप्फुस कायमचं निकामी होतं. धातूची ॲल्युमिनियम पावडर ही ॲल्युमिना नव्हे. ती हवेत उडाली तर ठिणगीनं स्फोट होतो आणि ओली झाली तर हायड्रोजन सुटू शकतो. कोरड्या यंत्रात ती घालण्याआधी अर्थिंग, व्हॅक्यूम आणि यंत्र बनवणाऱ्याची लेखी परवानगी, तिन्ही हवीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल अल्ट्रासोनिकनं तापतं, जवळ ज्योत नको.

काम झालं की टाकी तीनदा पाण्यानं धुवा आणि शेवटचं पाणी सोडण्याआधी बॅकग्राउंड बघा. काच काढून लेन्सच्या कागदानं, एकाच दिशेनं पुसा. ॲल्युमिनाचा एक दाणा फडक्यात राहिला तर काचेवर ओरखडा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक बॅकग्राउंडमध्ये दिसत राहतो.